हार्ड डिस्कमध्ये जागा किती? भांडायला जाण्याआधी एवढं बघा

३१ मार्चची संध्याकाळ. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधला आमचा गाळा. शेठ हमालीचे पैसे वाटत होते आणि मी टॅलीचा वर्षअखेरचा बॅकअप घ्यायला बसले होते. बॅकअप अर्ध्यावर आला आणि स्क्रीनवर मेसेज: डिस्कवर पुरेशी जागा नाही. शेठनी मागून वाकून बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "मॅडम, मशीन म्हातारं झालं. नवीन घेऊन टाका." रिपेअरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल."

नवीन मशीनही लागलं नाही आणि फॉरमॅटही मारावा लागला नाही. त्याच कॉम्प्युटरमध्ये ८०० जीबीहून जास्त जागा रिकामी पडून होती. मला ती बघता येत नव्हती, इतकंच.

मी कॉम्प्युटरवाली नाही, अकाउंट्सवाली आहे. पण आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नाही, म्हणून त्या महिन्यात हा विषय मी पार खणून काढला. त्यात ठाण्यातल्या एका दुकानदाराशी उगाच भांडले, आणि पुढे त्याच भांडणातून शिकलेल्या आकड्याने वाशीला माझे पैसे वाचले. त्यातून कळलं ते असं: खोक्यावर छापलेला आकडा वेगळा, स्क्रीनवर दिसणारा वेगळा आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारा वेगळा. आपण कुठल्या आकड्याकडे बघतोय हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितेय, कारण बहुतेकांकडे तेच असतं. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

बसण्याआधी जवळ काय हवं

- कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड. नुसतं बघायला लागत नाही, पण पुढे काही पुसायचं झालं तर विचारतो.
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. मोठ्या फाइल हलवताना मध्येच बॅटरी संपणं परवडत नाही.
- खरेदीचं बिल, आणि खोका ठेवला असेल तर त्यावरचा स्टिकर.
- वही आणि पेन. हसू नका, शेवटच्या पायरीला लागणार आहे.
- काही पुसायचा विचार असेल तर आधी कॉपी करून ठेवायला एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्ह.
- बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या अकाउंटमध्ये जमा झालेली असते. डिस्क काढायची किंवा बदलायची वेळ येण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

ऐरोली-घणसोलीतल्या कंपन्यांनी दिलेला लॅपटॉप असेल तर फक्त बघा, हात लावू नका. आयटीवाल्यांकडे तिकीट टाका आणि चहाला जा.

## १. आधी रॅम बाजूला ठेवा

मी विचारलं, "तुमची हार्ड डिस्क केवढी?" की निम्मे लोक सांगतात, "आठ जीबी." ती रॅम. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' पानावर 'इन्स्टॉल्ड रॅम' असं ठळक दिसतं आणि लोक तोच आकडा घेऊन येतात. त्यात दुकानात दोन्हींना सर्रास 'मेमरी' म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आमच्या गाळ्याच्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे गाळ्यासमोरचा ओटा. गिऱ्हाइकाला दाखवायला दोन-चार पोती तिथे उघडायची, रात्री ओटा मोकळा करायचा. हार्ड डिस्क म्हणजे आतलं गोदाम. ओटा छोटा असेल तर काम हळू होतं, गोदाम भरलं तर नवा माल उतरतच नाही. जाहिरातीत '८ / ५१२' लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा ओट्याचा आणि दुसरा गोदामाचा. आपल्याला दुसरा हवाय.

## २. पहिली नजर: धिस पीसी

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि 'ई' दाबा. पिवळ्या फोल्डरवाली खिडकी उघडेल. डाव्या बाजूला 'धिस पीसी' असेल, त्यावर क्लिक करा. सी ड्राइव्ह दिसेल, कदाचित त्याच्या शेजारी डी, ई. प्रत्येकाखाली एक आडवी पट्टी आणि 'इतक्यापैकी इतके जीबी फ्री' असा मजकूर. पट्टी निळी असेल तर ठीक आहे. लाल झाली असेल तर मोकळी जागा दहा टक्क्यांच्याही खाली गेलीय.

आता सी वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे गोल चित्र आणि तीन ओळी दिसतात: युज्ड स्पेस, फ्री स्पेस, कपॅसिटी. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, आधी बाइट्समधला लांबलचक आणि मग जीबीतला छोटा. सगळे फक्त छोटा बघतात. तुम्ही लांबलचकही वहीत उतरवून घ्या, चौथ्या पायरीत तोच साक्षीला येणार आहे.

याच खिडकीत खाली 'जागा वाचवण्यासाठी ड्राइव्ह कॉम्प्रेस करा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. घाबरलेल्या माणसाला तो फार मोहात पाडतो. त्याला टिक लावू नका. तासन्‌तास चालत राहतं आणि जुनं मशीन आणखी मंद होतं.

भाच्याने विचारलं होतं, "मावशी, सी पासून का सुरू होतं? ए आणि बी कुठे गेले?" ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरं राखीव राहिली.

## ३. सी म्हणजे अख्खी डिस्क नव्हे

आमचा ३१ मार्च इथेच अडकला होता.

गाळ्यातलं मशीन असेंबल केलेलं. एक टीबीची एकच हार्ड डिस्क. बसवणाऱ्या पोराने तिचे दोन तुकडे केलेले: सी ९७.६ जीबी आणि डी सुमारे ८३३ जीबी. ९७.६ हा चमत्कारिक आकडा कुठून आला, हे मला नंतर कळलं. विंडोज टाकताना तुकड्याचा आकार एमबीमध्ये विचारतात. पोराने सरळ १००००० टाइप केलं, आणि १००००० ला १०२४ ने भागलं की ९७.६ येतात. तुमच्याही जुन्या मशीनवर सी चा आकडा ९७.६ दिसला, तर तीच पद्धत समजा.

पुढे सहा वर्षं सगळं सी वरच साचत गेलं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात सी वरच राहतं. डी मध्ये कोणीतरी कधीतरी टाकलेली भजनं होती, बस्स.

तुमची डिस्क कशी कापलीय ते बघायला विंडोजचं बटण धरून 'एक्स' दाबा आणि यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या अर्ध्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' असे पट्टे दिसतील. एक पट्टा म्हणजे मशीनमध्ये बसवलेली एक खरीखुरी डिस्क. पट्ट्यावरचे कप्पे म्हणजे तिचे तुकडे. डावीकडे 'डिस्क ०' च्या खाली लिहिलेला आकडा हा अख्ख्या डिस्कचा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

कप्प्यांमध्ये शंभर-एक एमबीचा 'ईएफआय' आणि काहीशे एमबीचा 'रिकव्हरी' असे छोटे कप्पे असतात. ते मशीन सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी आहेत, त्यांना नजर लावू नका. डोक्यावर काळी रेघ असलेला 'अनअलोकेटेड' कप्पा दिसला तर ती कोणीच न वापरलेली जागा. ती धिस पीसीमध्ये दिसतच नाही. डिस्क मोठी टाकून घेतली पण जागा वाढली नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

या खिडकीतले खड्डे:

- उघडल्या उघडल्या 'इनिशियलाइज डिस्क' असं विचारलं आणि जोडलेल्या डिस्कमध्ये तुमचा डेटा असेल, तर 'कॅन्सल'. ते नव्या कोऱ्या डिस्कसाठी असतं.
- 'डिलीट व्हॉल्यूम' म्हणजे तुकड्यातला सगळा माल गेला. रिसायकल बिनमध्येही जात नाही.
- डी मधली जागा सी ला द्यायची म्हणून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबायला जाल तर बहुतेक वेळा ते फिकट, बंद असेल. सी च्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच ते चालतं. मध्ये रिकव्हरीचा किंवा डी चा कप्पा असला की संपलं.

मग आम्ही काय केलं? तुकडे तसेच ठेवले आणि माल हलवला. डी मध्ये 'डाउनलोड्स' नावाचा नवीन फोल्डर केला. मग सी वरच्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह', आणि तो नवा फोल्डर दाखवला. 'जुन्या फाइलपण हलवू का?' याला हो म्हटलं. डॉक्युमेंट्सचंही तसंच. फक्त एक सांभाळा: आधी नवा फोल्डर करा आणि तोच दाखवा. घाईत नुसता डी ड्राइव्ह दाखवलात तर विंडोज अख्ख्या डी लाच डॉक्युमेंट्स समजायला लागतं, आणि तो गुंता सोडवताना नाकी नऊ येतात. आमच्या शेजारच्या गाळ्यात नेमकं हेच झालं आणि निस्तरायला मलाच बोलावलं.

बॅकअप त्या रात्री साडेनऊला डी वर पूर्ण झाला. सानपाड्याहून ठाण्याची लोकल पकडून घरी पोचेपर्यंत अकरा वाजले.

## ४. जागा कमी का दिसते: ५१२ चे ४७६ कोणी केले?

आता माझं भांडण.

भाच्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून त्याला नवा लॅपटॉप घेतला. खोक्यावर ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क. घरी येऊन उघडला तर सी ची कपॅसिटी ४७५ जीबी. ३७ जीबी गेले कुठे? दुसऱ्या दिवशी खोका, बिल आणि भाचा घेऊन दुकानात. भर दुकानात मी म्हटलं, "काटा मारताय का?" भाचा दारापाशी जाऊन उभा राहिला, माझ्याबरोबर नसल्यासारखा.

दुकानदार शांत माणूस. त्याने काउंटरवरचा कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, ५१२ वर नऊ शून्यं. आता १०२४ ने तीनदा भागा." भागलं. ४७६.८.

झालंय असं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १००,००,००,००० बाइट्स, म्हणजे सरळ शंभर कोटी धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे जास्त बाइट्स धरतं आणि तरी लिहितं 'जीबी'च. म्हणजे एकाच्या काट्यावर किलो १००० ग्रॅमचा आणि दुसऱ्याच्या काट्यावर १०२४ ग्रॅमचा. माल तेवढाच आहे, वजन वेगळं येतं. हा घोळ मिटवायला १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १०२४ वाल्या मापाला 'गिबीबाइट' असं वेगळं नाव दिलं. विंडोजने ते नाव घेतलं नाही. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर हजाराचं माप सुरू केलं, त्यामुळे मॅकवाले या कारणासाठी दुकानात भांडायला जात नाहीत.

हे आकडे फोनमध्ये ठेवा. आधी खोक्यावरचा, पुढे विंडोजवर अख्ख्या डिस्कचा अंदाजे दिसणारा:

- १२८ जीबी: ११९
- २५६ जीबी: २३८
- ५०० जीबी: ४६५
- ५१२ जीबी: ४७६
- १ टीबी: ९३१
- २ टीबी: १८६३, म्हणजे १.८१ टीबी

तोंडी हिशेब हवा असेल तर खोक्यावरच्या जीबीला ०.९३ ने गुणा.

आणि वहीत उतरवलेला तो लांबलचक आकडा आठवतोय? त्याचे शेवटचे नऊ अंक अंगठ्याने झाका. भाच्याच्या लॅपटॉपवर उरले ५१०. म्हणजे ५१२ पैकी ५१० सी मध्येच होते, आणि राहिलेले ईएफआय व रिकव्हरीच्या कप्प्यांत. हिशेब जुळला. मी दुकानदाराची माफी मागितली आणि लाजेपोटी एक लॅपटॉप बॅगही घेतली.

यातून हातात येणारा आकडा आणखी कमी असतो. खुद्द विंडोज, त्याचे अपडेट, झोपेत जाताना रॅम उतरवून ठेवायची फाइल, अपडेटसाठी राखून ठेवलेले काही जीबी, हे सगळं त्यातूनच जातं. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टने कमीत कमी ६४ जीबीची डिस्क सांगितली आहे. त्यामुळे ६४ जीबीचा स्वस्त लॅपटॉप कोणी गळ्यात मारत असेल तर तो चालू होईल, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुम्ही हा लेख शोधत याल.

## ५. कोण खातंय ते बघा

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. थोडा वेळ मोजू द्या. मग ॲप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे गट जीबीसकट दिसतात. प्रत्येकावर क्लिक केलं की आतलं उघडतं. दुसऱ्या ड्राइव्हचं बघायचं असेल तर तिथेच 'इतर ड्राइव्हवरचा वापर' अशा अर्थाची ओळ शोधा.

यातून नीट समजलं नाही तर विनडरस्टॅट किंवा ट्रीसाइज फ्री यांपैकी एक टाका. दोन्ही फुकट आहेत. कुठला फोल्डर किती जाड आहे ते सरळ उतरत्या क्रमाने दाखवतात. घ्यायचं ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरून. 'पीसी क्लीनर', 'स्पीड बूस्टर' अशा नावाच्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

आमच्याकडे काय सापडलं? व्हॉट्सॲपवरून आलेले मालाचे फोटो आणि व्हिडिओ, शेठच्या जुन्या फोनचा अख्खा बॅकअप, एकेक ई-वे बिल चार-चारदा डाउनलोड केलेलं, आणि रिसायकल बिनमध्ये १४ जीबी. डिलीट केलेली फाइल बिन रिकामा करेपर्यंत जागा अडवूनच असते, हे मला माहीत होतं. माहीत असून सहा वर्षं बिन रिकामा केला नव्हता.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं गोदाम) वापरत असाल तर एक गंमत दिसेल. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' ४० जीबी आणि 'साइज ऑन डिस्क' जेमतेम २ जीबी. ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या मशीनवर नाहीच, फक्त नाव आहे. जागेचा हिशेब 'साइज ऑन डिस्क'वरून करा. आणि ढगवाली फाइल डिलीट केलीत तर ती वरूनही जाते, हे विसरू नका. जागा हवी असेल तर डिलीट न करता राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणा.

## ६. पुसायचंच असेल तर

त्याच स्टोरेज पानावर 'टेम्पररी फाइल्स' उघडा. टिक लावायची यादी येते. त्यात मधेच 'डाउनलोड्स' हे नाव असतं. त्याला टिक लावू नका. तुमचे पॅन कार्डचे स्कॅन, मुलाचं हॉल तिकीट, सोसायटीची पावती, सगळं डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं आणि विंडोज त्याला बिनदिक्कत 'टेम्पररी' म्हणतं.

'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ते अपग्रेडच्या आधीचं जुनं विंडोज. पुष्कळ जागा अडवतं. नवीन विंडोज नीट चालत असेल तर काढा, पण मग मागे जाता येत नाही.

सी मधल्या 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांत शिरून हाताने काहीही पुसू नका. प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्जमधल्या ॲप्समधून अनइन्स्टॉल.

किती मोकळं ठेवायचं? मी सी वर निदान १५ टक्के मोकळे ठेवते. त्याखाली गेलं की अपडेट अडकायला लागतात, आणि एसएसडी असेल तर गच्च भरल्यावर तीही मंदावते.

## ७. जुनं मशीन घेताना: ४६५ की ४७६?

ऑफिसच्या पोरासाठी जुना लॅपटॉप बघत होते. ऑनलाइन जाहिरातीत '८ / ५१२ एसएसडी'. विकणारा वाशी स्टेशनबाहेर भेटला, घाईत होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. लॅपटॉप उघडून 'धिस पीसी' दाखवलं, सी आणि डी मिळून बेरीज ४६५ च्या आत.

४६५! भांडणाच्या दिवशीचं कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर आलं. ४६५ म्हणजे ५०० जीबीची डिस्क. ५०० जीबीच्या एसएसडीही असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर आरोप करता येत नाही. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडतं. त्यात 'परफॉर्मन्स', मग डावीकडे 'डिस्क ०'. तिथे कपॅसिटी आणि खाली 'टाइप' अशी ओळ असते. तिथे लिहिलं होतं 'एचडीडी'. म्हणजे जुनी, आत तबकडी फिरणारी. एसएसडी नव्हतीच. तो म्हणाला, "एकच आहे हो." एकच नाही. तबकडीवाली डिस्क कितीतरी मंद असते, आणि किंमतही त्यामानाने कमी. मी पुढच्या लोकलने परत आले.

जुनं मशीन घेताना हे करा: टास्क मॅनेजरमध्ये टाइप आणि कपॅसिटी बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये किती डिस्क आहेत ते बघा, काही लॅपटॉपमध्ये छोटी एसएसडी आणि मोठी एचडीडी अशी जोडी असते आणि विकणारा दोन्हींची बेरीज करून 'एसएसडी' सांगतो. जमलं तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते डिस्कची तब्येत 'गुड', 'कॉशन', 'बॅड' अशी सांगतं आणि ती एकूण किती तास चालली तेही. अखंड एक वर्ष म्हणजे ८७६० तास. 'कॉशन' दिसलं तर जागा कितीही असो, सोडून द्या.

## ८. पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क

फुटपाथवर शे-पाचशे रुपयांत '२ टीबी'चा पेन ड्राइव्ह मिळतो. धिस पीसीमध्ये तो २ टीबी दाखवतोही. आतली चिप मात्र ३२-६४ जीबीची असते आणि आकडा खोटा भरलेला असतो. फाइल कॉपी झालेल्या दिसतात, उघडायला गेलं की उघडत नाहीत. इथे स्क्रीनवरच्या आकड्यावरही विश्वास नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि पुन्हा वाचून बघतं, खोटं असेल तर उघडं पडतं. मॅक-लिनक्सवर त्याच कामाचं एफ३ आहे. वेळ भरपूर लागतो: सेकंदाला १० एमबीचा वेग धरला तर ६४ जीबी भरायलाच पावणेदोन तास. रात्री लावून झोपा.

जागा असून फाइल जात नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार. पेन ड्राइव्हमध्ये २५ जीबी मोकळे, लग्नाचा व्हिडिओ ५ जीबीचा, तरी 'फाइल फार मोठी आहे' म्हणतो. तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. आतला माल दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो.

आणि डिस्क जोडताच 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं आलं तर कॅन्सल करा. ती मॅकवर वापरलेली असू शकते किंवा बिघडायला आलेली. दोन्हींत आतला डेटा अजून असतो, फॉरमॅट म्हटलं की हातचा जातो.

## ९. मॅक, लिनक्स आणि चालूच न होणारं मशीन

मॅकवर ॲपलच्या खुणेवरून सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज. जुन्या मॅकवर 'अबाउट धिस मॅक'मध्येच स्टोरेजचा टॅब आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि इंग्रजी छोट्या लिपीत डी, एफ, मग स्पेस, डॅश आणि एच टाइप करा. छोटा एच १०२४ च्या मापाने सांगतो, कॅपिटल एच हजाराच्या.

मशीन चालूच होत नसेल तर सुरू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे वेगवेगळं) दाबत राहा. निळी-काळी बायोसची स्क्रीन आली की तिथे डिस्कचं नाव आणि बहुधा आकार लिहिलेला असतो. तिथे डिस्क दिसतच नसेल तर प्रश्न जागेचा नाही, डिस्क सैल झालीय किंवा गेलीय. काही बदलू नका, एस्केप दाबून बाहेर या.

नवी एसएसडी टाकायची ठरली तर आधी मशीनमध्ये कोणती बसते ते विचारा: अडीच इंची साटा, की पट्टीसारखी एम.२. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि सगळ्या खाचांत सगळ्या चालत नाहीत. जुन्या डिस्कचा फोटो काढून दुकानात न्या. ठाण्या-वाशीत मिळतात. चार दुकानं फिरून भाव करायचा असेल तर दादरला बदलून ग्रँट रोड, आणि मग लॅमिंग्टन रोड. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी 'ही आमची नाही' ऐकावं लागतं. जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, तीत तुमचे हिशेब आहेत.

## १०. वहीत लिहा

दर महिन्याच्या १ तारखेला मी गाळ्याच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर दोन आकडे लिहिते: सी मोकळा, डी मोकळा. अर्धा मिनिट लागतो. दोन महिन्यांतला फरक बघितला की कुठे गळती आहे ते समजतं.

सप्टेंबरच्या १ तारखेला सी वर ४१ जीबी होते, ऑक्टोबरला २६. पंधरा जीबी एका महिन्यात? मिरचीचा सीझनही नव्हता. ट्रीसाइज लावलं. ऑफिसच्या पोराने फोन भरला म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीचे सगळे व्हिडिओ डेस्कटॉपवर आणून ठेवले होते, 'जीएसटी नवीन' नावाच्या फोल्डरमध्ये.